रबाळ्याचे रेझिनचे दुकान आणि ११२ सेंटिमीटरची ‘खांदेरी’

नवी मुंबईच्या रबाळे एमआयडीसीतील ज्या दुकानाविषयी मी लिहीत आहे, तेथून आणलेल्या काचेच्या (ग्लास फायबरच्या) कापडाचे आणि हार्डनर मिसळल्यावर पक्के होणाऱ्या इपॉक्सी रेझिनचे बनवलेले माझ्या रेडिओवर चालणाऱ्या छोट्या पाणबुडीचे कवच गेली दीड वर्षे अधूनमधून पाण्याखाली जात आहे. हे परीक्षण लिहायला एवढा उशीर मी मुद्दाम केला. रेझिन विकणाऱ्या दुकानाची पारख बिल हातात पडते त्या दिवशी होत नाही. माल पक्का झाला, घासून झाला, रंगवून झाला आणि ठाण्याचा एक पूर्ण पावसाळा त्याने सोसला की मगच ती होते. त्या दिवशी चांगले वाटलेले रेझिन सहा महिन्यांनी थर सोडू लागले, तर दुकानदाराच्या गोड बोलण्याला काही अर्थ उरत नाही.

दुकान लहान आहे. पुढच्या भागात टेबल, वजनकाटा आणि काचेच्या कापडाचे उभे गुंडाळे, तर मागे रेझिनची पिंपे अशी त्याची मांडणी आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात फायबरच्या टाक्या, डक्ट, छपराचे पत्रे आणि गणपतीच्या मखरांचे साचे बनवणारे पुष्कळ कारागीर आहेत आणि हेच या दुकानाचे नेहमीचे गिऱ्हाईक. ते पिंपाने आणि पूर्ण गुंडाळ्याने माल नेतात. माझ्यासारख्या हौशी माणसाला मात्र अर्धा किलो रेझिन आणि अडीच मीटर कापड हवे असते, आणि इतर दोन-तीन ठिकाणी याच कारणाने मला परत पाठवण्यात आले होते. येथे दुकानाच्या मालकांनी पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा नव्हता. “काय बनवताय, ते आधी सांगा,” असे ते म्हणाले. पाणबुडी म्हटल्यावर त्यांनी हातातले काम बाजूला ठेवले आणि कागदावर तिचा आकार काढून दाखवायला सांगितले. या दुकानाचे मोल मला त्या एका प्रश्नामुळे कळले, आणि पुढे जे काही चांगले झाले ते बहुतेक त्याच प्रश्नातून झाले.

मी बनवत होतो ती ‘आयएनएस खांदेरी’. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गातील ही दुसरी पाणबुडी २८ सप्टेंबर २०१९ रोजी नौदलात दाखल झाली. थळच्या समुद्रातील ज्या बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी या दोघांचाही विरोध मोडून किल्ला उभारला, त्याचे नाव तिला दिलेले आहे, आणि माझ्या निवडीमागे ते नाव हेच मोठे कारण होते. खरी पाणबुडी ६७.५ मीटर लांब आणि ६.२ मीटर रुंद आहे. १:६० या प्रमाणात ती ११२.५ सेंटिमीटर लांब आणि १०.३ सेंटिमीटर रुंद होते. वजन मात्र प्रमाणाच्या घनाने कमी होते, म्हणजे २,१६,००० ने भागावे लागते. पृष्ठभागावर तरंगताना खऱ्या पाणबुडीचे विस्थापन १,६१५ टन आणि बुडालेल्या स्थितीत १,७७५ टन असते. त्यावरून प्रतिकृतीचे आकडे सुमारे साडेसात किलो आणि सव्वाआठ किलो असे येतात, आणि या दोहोंतील साधारण ७४० ग्रॅमचा फरक म्हणजेच बुडण्यासाठी बॅलास्ट टाकीत घ्यायचे पाणी. सगळा जमाखर्च इतक्या थोड्या वजनात बसवायचा असल्यामुळे कवचात चुकून गेलेले शंभर ग्रॅम जास्तीचे रेझिनसुद्धा पुढे तोल साधणाऱ्या शिसे आणि फोम यांची गणिते बिघडवते.

मालकांना मी ही आकडेमोड दाखवली. कवचाच्या दोन अर्ध्या भागांचे क्षेत्रफळ प्रत्येकी सुमारे ०.१८ चौरस मीटर भरते. खालच्या भागाला २०० ग्रॅमच्या (म्हणजे चौरस मीटरला तेवढे भरणाऱ्या) कापडाचे पाच थर आणि वरच्या भागाला तीन थर धरले, तर कातरकाम धरून दोन चौरस मीटर कापड लागते. त्याचे वजन ४०० ग्रॅम. हाताने ब्रश-रोलर चालवून थर बसवताना कापडाच्या वजनाइतके रेझिन लागते असा साधारण हिशेब असतो, म्हणजे रेझिनही ४०० ग्रॅम. त्यांनी हा हिशेब तपासला, ब्रशला आणि भांड्याला चिकटून वाया जाणारे धरून ६०० ग्रॅम घ्यायला सांगितले आणि तेवढेच वजन करून दिले. किलोमागे भाव बंद डब्यापेक्षा थोडा अधिक पडतो हे खरे आहे, परंतु उरलेला डबा घरी वर्षभर पडून राहण्यापेक्षा तो अधिक भाव मला केव्हाही परवडतो.

त्यांनी दिलेले रेझिन एलवाय ५५६ होते आणि सोबत एचवाय ९५१ हे हार्डनर. या जोडीचे प्रमाण वजनाने १०० ला १० आहे, आणि घरी काम करणाऱ्याने सर्वांत जास्त काळजी या आकड्याची घ्यायला हवी. टाकी बनवणारा कारागीर एका वेळी पाच किलो रेझिन कालवतो, तेव्हा हार्डनरमध्ये पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी फारसे बिघडत नाही. मी एका वेळी ५० ग्रॅम कालवतो. त्यात हार्डनर ५ ग्रॅम पडते, आणि एका ग्रॅमची चूक म्हणजे वीस टक्क्यांची चूक. स्वयंपाकघरातील काट्यावर एवढा फरक दिसतही नाही. इपॉक्सीमध्ये हार्डनर वाढवले की काम लवकर होते हा समजही चुकीचा आहे, कारण येथे हार्डनर स्वतः रेझिनच्या साखळीचा भाग होते आणि जास्तीचे हार्डनर तसेच चिकट राहून जाते. मालकांनी हे मला दुकानातच समजावले, दशांश ग्रॅम दाखवणारा सोनारी पद्धतीचा छोटा काटा घ्या म्हणाले, आणि तो त्यांच्याकडे विकायला नसल्याने कुठे मिळेल तेही सांगितले.

दुसरा मोलाचा सल्ला मॅटविषयी होता. मी यादीत चॉप्ड स्ट्रँड मॅट, म्हणजे काचेच्या तंतूंच्या तुकड्यांची न विणलेली चादर, लिहून नेली होती, कारण फायबरचे काम म्हणजे मॅट असेच मी ऐकत आलो होतो. त्यांनी विचारले, “रेझिन कोणते वापरणार?” इपॉक्सी म्हटल्यावर त्यांनी मॅटचा गुंडाळा परत ठेवला. मॅटमधील काचेचे तुकडे ज्या बाइंडरने एकमेकांना धरलेले असतात, तो बाइंडर पॉलिस्टर रेझिनमधील स्टायरीनमध्ये विरघळतो आणि म्हणूनच पॉलिस्टर लावल्यावर मॅट मऊ पडून साच्यात बसते. इपॉक्सीत स्टायरीन नसते. मॅट ताठच राहते, नाकाच्या गोलाईवर उचलली जाते आणि तिच्याखाली हवेचे कप्पे राहतात. माझ्या पाणबुडीचे नाक आणि शेपूट दोन्ही गोलाईची असल्याने हे कप्पे नेमके तेथेच आले असते. इपॉक्सीसाठी त्यांनी विणलेले कापड दिले, आणि साचा बनवायला मात्र पॉलिस्टर रेझिन आणि तीच मॅट पुरेशी आहे, कारण तेथे वजनाची चिंता नाही आणि खर्च कमी येतो, असे सांगितले. विक्रेत्याने अधिक विकण्याची संधी सोडून योग्य तेच द्यावे, हे मला फार भावले.

साच्याच्या पॉलिस्टरबाबतीतही त्यांची शिस्त नोंदवण्यासारखी आहे. पॉलिस्टर पक्के व्हायला कोबाल्टचा ॲक्सिलरेटर आणि एमईकेपी हे कॅटलिस्ट अशी दोन रसायने लागतात, आणि ही दोन्ही रेझिनमध्ये न घालता थेट एकमेकांत मिसळली तर स्फोटासारखा भडका उडू शकतो. हे दुकान घरी काम करणाऱ्याला कोबाल्ट सुटे देतच नाही. आधीच कोबाल्ट मिसळलेले रेझिन देते आणि एमईकेपीची बाटली वेगळ्या पिशवीत बांधून देते. मला कोणी विचारले, तर या दुकानाची शिफारस करायला एवढी एक गोष्ट पुरेशी आहे. हातमोज्यांबाबतही ते आग्रही आहेत. अमाइन हार्डनर (एचवाय ९५१ हे त्यातलेच) पुन्हा पुन्हा त्वचेला लागले की काही जणांना त्याची कायमची ॲलर्जी जडते, म्हणून नायट्राइलचे मोजे रेझिनसोबत घ्यावेत, आणि पक्का झालेला फायबर घासताना पाणी लावून पॉलिश पेपर वापरावा, म्हणजे काचेची धूळ छातीत जात नाही, असे ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगताना मी ऐकले आहे.

त्यांचे सगळेच सल्ले मी मानले असे नाही. त्यांचा अनुभव बोटींचा आणि टाक्यांचा आहे. कवच तीन मिलिमीटर जाड करा, पाण्याचा दाब सोसायला हवा, असा त्यांचा पहिला आग्रह होता. रेडिओवर चालणाऱ्या बहुतेक पाणबुड्यांत बाहेरचे कवच दाब सोसतच नाही. त्याला तळाशी आणि वर भोके असतात, पाणी आत मोकळे शिरते आणि दोन्ही बाजूंचा दाब सारखाच राहतो. बॅटरी, मोटर, सर्व्हो (सुकाणू हलवणारी छोटी मोटर) आणि रिसीव्हर आतल्या जलरोधक नळकांड्यात असतात आणि खरा दाब त्याच्यावर येतो. माझे नळकांडे ८० मिलिमीटर व्यासाच्या ॲक्रिलिक पाइपचे आहे. दीड मीटर खोलीवर त्याच्या प्रत्येक टोपणावर सुमारे साडेसात किलोचा भार पडतो, आणि त्या दाबाखाली पाणी आत येऊ न देण्याचे काम टोपणाच्या रबरी ओ-रिंगचे असते. उलट कवच जाड केले, तर पाण्याच्या रेषेच्या वर विनाकारण वजन वाढते आणि पृष्ठभागावर आल्यावर पाणबुडी कलंडू लागते. मी हे सांगितल्यावर मालकांनी थोडा विचार केला आणि “मग वरचा भाग पातळच ठेवा, फक्त कडा जाड करा,” असे म्हणाले. कडांना अर्धा इंच रुंदीची कापडाची जास्तीची पट्टी टाकण्याची ही त्यांची सूचना उत्तम निघाली. दोन्ही भाग अजूनही एकमेकांवर घट्ट बसतात आणि कुठे पीळ पडलेला नाही.

कार्बनच्या कापडाचेही असेच झाले. मजबुतीसाठी त्यांनी एक तुकडा दाखवला होता. कार्बन विजेचा वाहक असल्याने तो रेडिओ लहरी अडवतो. आधीच पाण्याखाली हल्लीच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी फार लवकर विरतात, म्हणून मी जुना ४० मेगाहर्ट्झचा सेट वापरतो, आणि त्यात कवचानेच अँटेना झाकून टाकणे परवडले नसते. काच लहरींना आडवी येत नाही. हे ऐकल्यावर त्यांनी कार्बनचा विषय पुन्हा काढला नाही. गिऱ्हाइकाचे म्हणणे ऐकून स्वतःचे मत बदलणारा दुकानदार मला या क्षेत्रात क्वचितच भेटला आहे.

आता पावसाळ्याविषयी. साचा मी मार्च-एप्रिलमध्ये पूर्ण केला, पण कवचाचे थर टाकायला जुलै उजाडला. खालच्या अर्ध्या भागाचे पहिले तीन थर टाकून रात्रभर ठेवले, तर सकाळी पृष्ठभागावर बोटाला मेणासारखा चिकट पापुद्रा लागला. रेझिन कच्चे राहिले, म्हणजे प्रमाण चुकले किंवा माल जुना निघाला, अशी माझी खात्री झाली आणि मी तो तुकडा घेऊन तसाच लोकलने रबाळ्याला गेलो. मालकांनी नखाने पापुद्रा खरवडला, खालचा भाग कडक आहे हे दाखवले, आणि ओल्या फडक्याने पुसल्यावर तो चिकटपणा निघून गेला. दमट हवेत अमाइन हार्डनर हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा यांच्याशी संयोग पावते आणि हा थर वर येतो. तो पाण्यात विरघळतो. थिनरने पुसला तर नुसता पसरतो, आणि तसाच पॉलिश पेपरने घासला तर खाली दाबला जातो. त्यावर पुढचा थर टाकला असता, तर कापड वरवर चिकटले असते आणि काही महिन्यांनी सुटले असते. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी कोमट पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी यांनी पृष्ठभाग धुतला, कोरडा केला, मग घासला आणि उरलेले दोन थर टाकले. पुढच्या वेळी प्रत्येक टप्प्याच्या शेवटी त्यांच्याकडची पील प्लाय, म्हणजे पक्के झाल्यावर सोलून काढायचे नायलॉनचे कापड, लावले आणि तो पापुद्रा त्या कापडाबरोबरच निघून आला. आज या कवचात एकही थर सुटलेला नाही, याचे श्रेय मी दुकानातील त्या दहा मिनिटांना देतो.

उन्हाळ्यात याच्या उलट काळजी घ्यावी लागते. कालवलेले इपॉक्सी पेल्यात खोल भरून ठेवले, तर स्वतःच्याच उष्णतेने तापत जाते आणि काही मिनिटांत धूर सोडून दगड होते. उथळ ताटलीत पसरून ठेवले की ते बराच वेळ पातळ राहते. खोलीच्या तापमानाला पक्के झालेले इपॉक्सी कडक उन्हात थोडे मऊही पडते, आणि पाणबुडीचा रंग काळा असल्याने ती फार तापते. म्हणून तलावाच्या काठावर किंवा गाडीत ती ओल्या पांढऱ्या फडक्याखाली ठेवावी, हेही मला येथेच कळले.

उणिवाही आहेत आणि त्या लिहिल्या पाहिजेत. सर्वांत मोठी म्हणजे सुटे कापड घडी घालून दिले जाते. काचेच्या कापडाची घडी मोडली की तेथील धागे दुखावतात आणि रेझिन लावल्यावर त्या रेषेवर पांढरा ओरखडा दिसतो. माझ्या वरच्या भागात मनोऱ्याच्या मागे असा एक ओरखडा आला. पुट्टी आणि रंगाखाली तो झाकला गेला, पण तो तेथे आहे हे मला ठाऊक आहे. दुसरी उणीव बाटल्यांची. सुट्या हार्डनरच्या बाटलीवर मार्करने नाव लिहिलेले असते, परंतु मूळ डबा कधी उघडला त्याची तारीख नसते. मला एकदा मिळालेले हार्डनर गढूळ होते आणि झाकणाजवळ पांढरी पूड साचली होती, म्हणजे त्याला बराच काळ हवा लागली होती. बाटली परत नेल्यावर त्यांनी एक शब्दही न बोलता नवा डबा फोडून दुसरी भरून दिली, त्यामुळे तक्रार तेथेच मिटली. मात्र तारीख लिहिली असती तर माझी फेरी वाचली असती. तिसरे, पुट्टी हलकी करण्यासाठी लागणारे मायक्रोबलून अर्धा किलोच्या पुड्यातच मिळतात, आणि ही पूड इतकी हलकी असते की तेवढ्यात उशी भरावी. शंभर ग्रॅमच्या आतले बारीक कापडही येथे नसते. हायड्रोप्लेन (आडवी पाती), रडर (सुकाणू) आणि मनोऱ्याच्या धारदार कडा यांवर २०० ग्रॅमचे कापड नीट वळत नाही, त्यामुळे बारीक कापड मला बाहेरून मागवावे लागले. रंग आणि प्रायमर यांची अपेक्षा येथे ठेवू नये.

कवच पूर्ण झाल्यावर तोलकाट्यावर ९१० ग्रॅम भरले. मी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा चाळीस ग्रॅमच जास्त, आणि तेही बहुतेक पुट्टीचे. आमच्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात, सकाळी पाणी स्थिर असताना, पहिली चाचणी घेतली. शिसे तळाशी आणि फोम पाण्याच्या रेषेलगत लावून तोल साधायला तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी टाकीत पाणी घेतल्यावर ‘खांदेरी’ आडवीच्या आडवी खाली गेली, फक्त पेरिस्कोपचे टोक वर राहिले, आणि माझी मुलगी काठावरून ओरडली, “बाबा, थांबवा, अशीच राहू द्या!” त्यानंतर आजवर ती बहुधा चाळीसेक वेळा पाण्यात उतरली असेल. कवचाची खालची बाजू परवा उघडून पाहिली. आतले कापड स्वच्छ आहे, कडांची पट्टी पक्की आहे आणि रंगाला कुठेही फोड नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. ट्रान्स-हार्बरच्या गाडीने रबाळ्याला उतरून रिक्षाने जाणे सोयीचे आहे. दुकान रविवारी बंद असते, आणि सकाळी कारागिरांची पिंपे भरण्याची गर्दी असल्याने सल्ला हवा असेल तर दुपारी तीननंतर जावे. आपले मोजमाप कागदावर लिहून न्यावे, कारण ते पाहिल्याशिवाय मालक वजन करत नाहीत. हार्डनरची बाटली दुकानातच उजेडात धरून पाहावी. आणि घरून पुठ्ठ्याची एक जाड नळी सोबत न्यावी. मी गेल्या वेळी नेली, तेव्हा त्यांनी कापड तिच्यावर गुंडाळून दिले आणि नळी कुठून आणली ते विचारून कापडाच्या दुकानातून तशाच वीस मागवल्या.